सांता रुफिनाच्या चौकातला गूळ

दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ मुलखात सांता रुफिना नावाचं एक गाव आहे. चहूकडे ऊस, मध्ये गाव आणि गावाच्या मधोमध चर्चसमोरचा फरसबंद चौक. स्वातंत्र्यदिनाला या चौकात पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास बुचकळ्यात पडतो. बाकी देशात त्या दिवशी तोफा आणि घोषणांनी कान किटतात. इथे मात्र स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून संपत आला की सगळा चौक गप्प होतो. टाळी नाही, जयजयकार नाही. नगराध्यक्षांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे गाल फुगवून उभे असतात, कारण प्रत्येकाच्या तोंडात गुळाचा खडा असतो. तो विरघळेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही, असा दंडक आहे.

"गावात दातदुखीची साथ आलीय का हो?" असं एका पाहुण्याने विचारलं होतं. चौकातल्या बाकावर बसणाऱ्या लिआंद्रो आजोबांना हा प्रश्न फार आवडला. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असते आणि पाहुण्यांना गाव दाखवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं आहे. अशा वेळी ते बाकावर सरकून जागा करून देतात आणि पेत्रोनिलाची गोष्ट सांगतात. घाईत असलेल्या माणसालाही ते सोडत नाहीत.

पेत्रोनिला या गावच्या गुऱ्हाळाची मालकीण होती, असं सांगतात. तिचा नवरा होआकिन गावचा दवंडीवाला. तो चौकातल्या दगडी ओट्यावर उभा राहून ढोल वाजवून बोलला, की टेकडीपलीकडे ऊस तोडणाऱ्यांनाही ऐकू जायचं, म्हणे. त्या काळी तिथे स्पेनचं राज्य होतं. राजा समुद्रापलीकडे, त्याला गावातल्या कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. पण प्रत्येक दवंडीच्या शेवटी त्याचं नाव घ्यावंच लागे. नवा कर असो, कोणाचं लग्न असो, होआकिन शेवटी म्हणणार, "राजा चिरायू होवो!" आणि ऐकणारे हातातलं काम न थांबवता उत्तर देणार, "राजा चिरायू होवो!" होआकिनच्या बापाने हेच केलं होतं, आजाने हेच केलं होतं. घरी जेवणाआधीची प्रार्थना संपतानाही त्याच्या तोंडून राजा निसटायचा, आणि पेत्रोनिला सूप वाढता वाढता हसायची.

मग राजधानीत उठाव झाला. स्पेनचा अंमलदार आपल्या पेट्या खेचरांवर लादून पसार झाला, आणि मागोमाग एक घोडेस्वार स्वातंत्र्याचा जाहीरनामा घेऊन आला. आपण आता कोणत्याही राजाचे नाही, हे येत्या रविवारी चौकात जाहीर करायचं ठरलं. गाव हरखून गेलं. पेत्रोनिलाचं हसू मात्र मावळलं. दिवस उठावाचे होते, माणसं चटकन भडकत होती. शेजारच्या गावात एकाच्या तोंडून सवयीने राजाचा जयजयकार निघाला, तर लोकांनी त्याला फितूर ठरवून त्याचं घर पेटवलं आणि बायकापोरांसकट त्याला रानात हाकलून दिलं होतं.

ती तडक गावचे मुख्य बाल्तासार यांच्याकडे गेली. "या खेपेला दुसऱ्या कोणाला वाचू द्या," ती म्हणाली.

"पेत्रोनिलाबाई, होआकिनने ओरडून सांगितल्याशिवाय या गावात कोणी पाऊस पडतोय हेसुद्धा मानत नाही," बाल्तासार म्हणाले. "दुसऱ्याने वाचलं तर लोक सोमवारी पुन्हा राजाचेच."

ते खरंच होतं. म्हणून पेत्रोनिलाने नवऱ्याला गुऱ्हाळात नेलं आणि चुलाणासमोर उभं करून तालीम सुरू केली. होआकिन असा काही वाचायचा की तिच्या अंगावर काटा यायचा. पण शेवटचं वाक्य संपलं, की छाती भरून श्वास घ्यायचा आणि राजा हजर. तिने त्याला चिमटे काढून पाहिले, पायावर पाय देऊन पाहिला, एकदा तर घोटभर गरम काकवी पाजली. काही उपयोग झाला नाही. शेवटी तो चिपाडांच्या ढिगावर मटकन बसला.

"माझ्या मनात राजा नाही गं, पेत्रोनिला," तो म्हणाला. "जिभेवर आहे. तिथून त्याला कसा काढू?"

इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाला इतक्या बारीक आवाजात बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला त्याची फार माया आली. ती उठून चर्चमध्ये गेली आणि गावाला जिचं नाव आहे त्या संत रुफिनाच्या, म्हणजे सांता रुफिनाच्या, लाकडी मूर्तीसमोर तिने नवस बोलला, की माझ्या माणसाची जीभ सांभाळ, मी दर वर्षी जाहीरनाम्याच्या दिवशी पहिल्या काहिलीचा गूळ गावाला वाटीन. परत निघताना दारात तिच्या मनात पाल चुकचुकली. ही मूर्तीही राजानेच स्पेनहून पाठवलेली. ऐन वेळी ती कोणाची बाजू घेईल, कोण जाणे. म्हणून सगळा भार संतिणीवर न टाकता तिने गुळाचा एक भलामोठा खडा आपल्या एप्रनच्या खिशात घातला.

रविवारी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. होआकिन त्या दिवशी जसा बोलला तसा जन्मात कधी बोलला नव्हता, असं सांगतात. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. पेत्रोनिला ओट्याच्या पायरीशी उभी होती, तिला शब्द ऐकू येत नव्हते, ती फक्त त्याच्या छातीकडे बघत होती. शेवटचं वाक्य संपलं. छाती भरली, तोंड उघडलं. त्यासरशी ती ओट्यावर चढली आणि तिने तो खडा त्याच्या तोंडात कोंबून वरून तळहात दाबून धरला.

होआकिनच्या तोंडून ब्र निघाला नाही. पेत्रोनिलाने सुटकेचा निःश्वास सोडला. आणि तेवढ्यात खालून सगळा चौक एका आवाजात गरजला:

"राजा चिरायू होवो!"

बाल्तासार म्हणाले, पाद्री म्हणाले, जाहीरनामा आणणारा घोडेस्वार म्हणाला, आठवडाभर कोयत्यांना धार लावत बसलेली तरुण मंडळीसुद्धा म्हणाली. दवंडी संपली की उत्तर द्यायचं, एवढंच त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. मग एकेकाच्या ध्यानात आलं आणि एकेकाचा हात तोंडाशी गेला. सगळ्या चौकात एकच तोंड निर्दोष होतं, आणि ते गुळाने भरलेलं होतं.

आता कोणी कोणाचं घर पेटवायचं? पेत्रोनिलाला आधी धडकी भरली, मग हसू फुटलं, आणि काही केल्या आवरेना. बाल्तासार कानापर्यंत लाल झाले होते. ते ओट्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पेत्रोनिलाबाई, आणखी आहे का हो गूळ?"

गुऱ्हाळातल्या ढेपा चौकात आणून फोडल्या गेल्या. होआकिनने जाहीरनामा पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि शेवटच्या वाक्याआधी सगळ्यांनी आपापला खडा तोंडात टाकला. सांता रुफिनाच्या मूर्तीचा उजवा गालही त्या दिवसापासून किंचित फुगलेला दिसतो, म्हणे. लाकूड ओलाव्याने फुगतं, असं एका विद्वान पाहुण्याने सांगितलं होतं. आजोबा त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत, पण त्याला गूळही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेत्रोनिला काहिलीवरची मळी काढत होती, तेव्हा चौकातून ढोल ऐकू आला. कोणाचं तरी खेचर हरवलं होतं. रंग काळा, डाव्या कानाला चीर, दिसल्यास कळवावे. तिचा हात थांबला. आज त्याच्याजवळ गूळ नव्हता, तीही नव्हती. त्याने छाती भरून घेतलेला श्वास तिला तिथवर जाणवला, असं सांगतात. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग होआकिन म्हणाला, "एवढंच."

खिडक्यांतल्या लोकांनी काही उत्तर दिलं नाही. द्यायला काही उरलं नव्हतं. कोणी तरी खेचर शोधायला निघालं. पेत्रोनिला चुलाणाशेजारी बसून पोटभर रडली. आपला माणूस सुटला, या आनंदाने रडली. गूळ खाली लागला, तो तिने लागू दिला.

आजही तो नवस गाव फेडतं. दवंडीवाला आता नाही, नगरपालिकेच्या छपरावर कर्णा आहे. पाणी येणार नाही, लसीकरण आहे, कोणाचा कुत्रा हरवला आहे, असं काहीबाही त्यावरून रोज सांगतात, आणि सांगून झालं की बोलणारा एक श्वासभर थांबतो आणि म्हणतो, "एवढंच." परगावच्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. गुऱ्हाळांतल्या म्हाताऱ्या बायका मात्र तो शब्द ऐकू येईपर्यंत हात थांबवून उभ्या राहतात, आणि तो ऐकला की पुन्हा काहील ढवळायला लागतात.