पाठीमागची खुर्ची

"...मग हे वळून बघणं दुसरं काय असणार, बाई?"

हेरंबने हातातल्या लेखावरून मान वर केली. पुढच्या महिन्यात मनोविश्लेषकांच्या परिषदेत तो लेख वाचायचा होता. त्याआधी बाईंची शाबासकी हवी होती.

कुमुदबाई त्याच्या गुरू. मनाचं हे शास्त्र त्यांनीच त्याला शिकवलं. आता त्या साताऱ्याला एकट्या राहत, पेशंट बघत नसत, आणि कौतुक करण्यात तर त्यांचा हात पहिल्यापासूनच आखडता.

"पुन्हा सांग," बाई म्हणाल्या.

लेख चांगुणाबद्दल होता. घरामागचा डोंगर खचला आणि तिचा नवरा, दोन्ही पोरं, सगळं घर गाडलं गेलं. ती अंगणात भांडी घासत होती, म्हणून तेवढी वाचली. तेव्हापासून ती बोललेली नाही. नणंद तिला दर आठवड्याला हेरंबकडे आणते. हल्ली ती जेवतही नाही.

"रीतीप्रमाणे मी तिच्या मागे बसतो," हेरंब म्हणाला. "डॉक्टर दिसला नाही म्हणजे पेशंट मोकळेपणाने बोलतो. पण ही सारखी वळून बघते. वडील लहानपणीच गेले हिचे. तेव्हा ते बघणं म्हणजे बापाच्या नजरेचा शोध, आणि गप्प राहणं म्हणजे उपचाराला विरोध. सिद्धांतात अगदी चपखल बसतं."

"बसतं खरं."

हेरंब सुखावला. बाई एवढ्या लवकर कबूल होतील असं त्याला वाटलं नव्हतं.

बाई उठल्या आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"वाच आता. दरडीचं पान."

"'आघात हा घटनेत नसतो,'" हेरंब वाचू लागला, "'तो मनाने त्या घटनेला दिलेल्या अर्थात असतो. सदर रुग्णाच्या बाबतीत...'"

तो थांबला. मागे काहीच आवाज नव्हता. बाईंचा श्वासही ऐकू येत नव्हता. त्याने वळून बघितलं.

"काय रे? वडिलांना शोधतोस?"

हेरंब ओशाळून हसला. पुन्हा वाचू लागला. ओळ चुकली. तीच ओळ त्याने दोनदा वाचली. मान आखडून गेली होती.

"बाई, समोर बसा ना."

"का? मी काही करत नाहीये."

"पण... तुम्ही काय करताय ते मला दिसत नाही."

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. हेरंबने पुन्हा वळून बघितलं.

"डोंगर कुठून आला म्हणालास?" त्यांनी मागूनच विचारलं.

"घराच्या मागून. ती डोंगराकडे पाठ करून..."

दर आठवड्याला तो स्वतःच तिला बसवत होता आणि मग तिच्या मागे जाऊन, एक शब्दही न बोलता, वाट बघत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

बाई समोर येऊन आपल्या जागी बसल्या.

लाज फार वेळ टिकली नाही. हेरंब हुशार होता, हाच त्याचा घोटाळा. त्याने खिशातून पेन काढलं.

"हे लेखात घालायला हवं, बाई. नवाच मुद्दा आहे. उपचाराच्या पद्धतीतूनच आघाताची पुनरावृत्ती..."

बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"उद्या येणार आहे ती," तो म्हणाला. "उद्यापासून समोर बसतो मी. मग बोलेल ना?"

"नाही बोलली तर?"

"बोलल्याशिवाय बरी कशी होणार?"

"ती बरी होणार आहे, असं तुला कोणी सांगितलं?"

इतकी वर्षं शिकलेल्यातलं काहीच हेरंबच्या कामाला येईना.

"मग तिच्यासमोर बसून मी करू काय, बाई?"

"घाबर," बाई म्हणाल्या. "त्या खोलीत अजून ती एकटीच घाबरते आहे."