जाखाईच्या नैवेद्याचे गणंग

आमच्या तांबुळखेड्याच्या जाखाईला जत्रेत फुटाण्यांचा नैवेद्य असतो, पण ताटात एकही दाणा फुटलेला दिसणार नाही. निवडून निवडून गणंग ठेवतात, म्हणजे भाजूनही न फुटलेले टणक हरभरे. पाहुणे हसतात. हसा खुशाल, पण प्रसाद दाढेखाली जपून घ्या. मागे एका साहेबांची दाढ हलली आणि बोल लागला देवीला! खुसखुशीत फुटाणे हवे असतील तर कुठल्याही घरी जा, वाडगाभर पुढ्यात येतील.

असे सांगतात, की फार पूर्वी गावात भट्टी एकच होती, ठकाई भडभुंजिणीची. तिच्या घराण्याचा देवीला नवस होता: जत्रेसाठी पेटवलेली भट्टी नैवेद्य होईपर्यंत विझू द्यायची नाही. एका वर्षी भट्टी पेटली आणि पलीकडच्या गावाहून निरोप आला. तिची एकुलती लेक चिमणा बाळंतपणात अडली होती आणि सुइणीने हात टेकले होते. नवस मोडावा तर देवीचा कोप, आणि थांबावे तर लेक जायची. बिचारी झारा हातात धरून कधी भट्टीकडे तर कधी वाटेकडे बघत राहिली म्हणे.

तेव्हा पाटलीण बयजाबाई पुढे झाली. "ठकाई, तू नीघ. पोरीला आई पायजे आत्ता."

"आन् भट्टी इझली तर?"

"इझू दे. आमच्या चुली हाईत की! देवी काय बोलायची ती आमाला बोलंल."

ठकाई धावत गेली. बायकांनी घरोघर कढयांत वाळू तापवली आणि कोरडे हरभरे त्यात ओतले. आधी मीठ-हळदीचे पाणी शिंपडून दाणे फडक्याखाली मुरवावे लागतात, हे कुणाला ठाऊक होते? वरून करपले, आतून खडे झाले. तेच ताटात घालून, भीत भीत, त्यांनी देवीपुढे हात जोडले.

काही दिवसांनी बैलगाडी आली. गाडीत चिमणा होती, मांडीवर तान्ही मुलगी. आईचा हात हातात आला तेव्हा पोरीला धीर आला आणि ती सुटली, असे म्हणतात. बायका ओशाळून म्हणाल्या, "ठकाई, आमचं पार बिघडलं बघ. आता तू चांगलं भाजून देवीला दाखव."

ठकाईने एक गणंग तोंडात टाकला. तो काही फुटेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"न्हाई बायांनो. देवीला हेच ठिवायचं. माजी लेक ह्याच्यावर वाचलीया. फुटानं कसं भाजायचं ते तुमाला शिकवते, ते तुमी लेकराबाळांत खावा."

तिने घराघरांत जाऊन शिकवले. भट्टी पुन्हा पेटलीच नाही.

आजही जत्रेला प्रत्येक चुलीवर कढई चढते. फक्त ज्या घरी लेक बाळंतपणाला आलेली असते, तिथल्या आईला कुणी चुलीपाशी बसू देत नाही. तिच्या वाटचे फुटाणे शेजारणी भाजतात, आणि ती लेकीजवळ बसून राहते.