उतरता दांडा

फार पूर्वी, लोखंड बोलायचं त्या काळी, हसनमिस्त्रींच्या सायकल दुकानात दोन सांगाडे खुंटीला टांगलेले होते. आडव्या दांड्याचा सांगाडा उतरत्या दांड्याच्या सांगाड्याला रोज हिणवायचा, "वाकड्या, तू भंगारातच जाणार!"

एकदा सुईण द्वारकामावशी सायकल बांधून घ्यायला आल्या. मिस्त्रींनी आधी आडवा दांडा पुढे धरला. मावशींची साडी त्यात अडकली.

"अहो मिस्त्री, हे कुंपण ओलांडेपर्यंत बाळ रांगायला लागेल!"

उतरत्या दांड्यावरून मात्र पाय अलगद पलीकडे गेला. मग चाकं आली, हँडल आलं, सीट बसली आणि घंटी आपणहून खिदळली.

दसऱ्याला ती सायकल झेंडूची माळ मिरवत दुकानात आली. टोपलीत बारशाच्या घुगऱ्या होत्या. खुंटीवरून हळूच आवाज आला, "वाकड्या, मिस्त्रींना सांग ना, मलाही जरा वाकवा."