एका चुलीचा शब्द

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते मला विचारू नका, कारण या गोष्टीत राजाचं काही काम नाही. एक टेकडी होती, टेकडीत एक गुहा होती आणि गुहेच्या छताला एक भोक होतं, एवढं आपल्याला पुरे.

त्या भोकातून सकाळचं ऊन आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर पडायचं. गुहेत एक चितारीण राहायची. ती चामड्याची चित्रं कापायची, काठीला बांधायची आणि त्या उन्हात धरायची. मग भिंतीवर मोठमोठ्या सावल्या चालू लागायच्या, आणि चितारीण त्यांच्या तोंडून गोष्ट सांगायची. पावसाळा सोडला तर रोज सकाळी गोष्ट थोडी पुढे जायची.

सुगी झाली की ज्या घराला गोष्ट बघायची असेल, त्याने चितारणीला सूपभर जोंधळे द्यायचे. त्यावर तिचं वर्ष निघायचं, चामडंही त्यातूनच यायचं. बदल्यात ती त्या घराला एक शब्द द्यायची. गुहेच्या तोंडाशी तो शब्द म्हटला की आत सोडलं जायचं.

"एका चुलीला एक शब्द," ती सांगायची. "त्या चुलीवरचं जेवतात ते सगळे या. एखादा पाहुणा जेवला असेल, तर त्यालाही घेऊन या."

दाराशी शब्द ऐकायला एक राघू बसलेला असायचा. माणसांचे चेहरे त्याला सगळे सारखेच वाटायचे, जसे आपल्याला राघू वाटतात. पण त्याचा कान मोठा तिखट होता. शब्द बरोबर असला की तो पंख उचलायचा आणि माणूस आत जायचा.

त्या वर्षी गोष्ट चालली होती एका राणीची. तिच्या राज्यातली नदी अचानक आटली होती, आणि ती नदीचा उगम शोधायला निघाली होती. हत्ती, घोडे, रानं, डोंगर पार करत ती एका दगडी दाराशी येऊन पोचली. आणि तिथेच अडली. पहिल्या दिवशी राणीने दार ठोठावलं. दुसऱ्या दिवशीही ठोठावलं. मग रोज नुसतंच ठोठावणं. बरोबरचे हत्ती एकेक करून दिसेनासे झाले, घोडे गेले, शेवटी भिंतीवर एकटी राणी आणि ते दार.

लोक कुरकुरू लागले. "पहिल्यासारखी मजा राहिली नाही," असं म्हणत म्हणत ते रोज येतच होते.

राघूला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. 'करवंद' हा शब्द त्याला फार ऐकू यायला लागला होता. घोगऱ्या आवाजात करवंद, नाकातून करवंद, बोबडं करवंद, खोकत खोकत करवंद. शब्द बरोबर, म्हणून तो पंख उचलायचा. पण हे घर आहे तरी केवढं, हे कुतूहल काही त्याला स्वस्थ बसू देईना. एके दिवशी गोष्ट संपल्यावर तो उडाला आणि त्या आवाजांच्या मागे निघाला.

करवंद हा शब्द होता एका कुंभारणीचा. ती अंगणात मडकी थापत बसली होती, आणि थापता थापता मान वळवून ओढ्यापलीकडे बघत होती.

"बाई, तुमच्या घरात माणसं किती?" राघूने विचारलं.

"आम्ही दोघं आणि पोरं. का रे?"

"मग करवंद आणखी कोण म्हणतं?"

कुंभारणीने हात थांबवले. "आईला दिलाय मी शब्द. ती ओढ्यापलीकडे एकटी राहते. चूल तिची वेगळी आहे, ते खरं. पण तिला त्या दाराने वेड लावलंय बघ. भेटली की एकच विचारते, दाराआड काय असेल गं? म्हणते, तेवढं बघितलं की मी जायला मोकळी." ती हसली आणि परत पलीकडे बघायला लागली.

"तिकडे काय बघता?"

"तिचा धूर. सकाळ-संध्याकाळ तिच्या चुलीचा धूर दिसला की मला बरं वाटतं. नाही दिसला, तर हातातलं टाकून पळते. गेल्या थंडीत मी तापाने पडले, तेव्हा इकडचीच चूल गार होती." मग जराशा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि शब्द धाकट्या दिरालाही दिलाय. मागितला, नाही म्हणवेना."

राघू दिराकडे गेला. दोघा भावांच्या चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली होती. वाटणीच्या वेळी या दिराने चाक मागितलं, भट्टी मागितली, शेवटी एका पळीवरून भांडून तीही नेली होती. आता आपली दोन घरं, असं त्याने चार माणसांत सांगितलं होतं.

"गुहेच्या दाराशी मात्र एकच घर?" राघूने विचारलं.

"रक्ताचं नातं कुठं तुटतं का?" दीर म्हणाला. "आणि मी तरी एकट्याने कुठं ठेवलाय? नावाड्याला सांगितला. तो मला फुकट नदीपलीकडे सोडतो."

नावाड्याने शब्द कुणाकुणाला दिला, ते त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता. कुणी त्याबद्दल मासळी द्यायचं, कुणी विड्याची पानं. कुंभारीण कोण, हे त्याला ठाऊकही नव्हतं.

"अरे राघू," तो वल्हं टेकवून म्हणाला, "शब्द म्हणजे काय भाकरी आहे, तुकडा मोडला की कमी व्हायला? मी दिला म्हणून कुंभारणीचा शब्द थोडा झाला का? गुहेतलं ऊन कमी झालं का? मग कुणाचं काय बिघडलं?"

राघूने खूप विचार केला, तरी नावाड्याचं म्हणणं त्याला खरंच वाटत राहिलं. शब्द कमी झाला नव्हता. ऊनही तेवढंच होतं.

तो परत निघाला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. वरून सगळा मुलूख दिसत होता. घराघरांतून धूर निघत होता. ओढ्यापलीकडे म्हातारीच्या चुलीचाही बारीकसा धूर होता. फक्त टेकडीवर धूर नव्हता.

तो गुहेत शिरला. चूल गार होती. चितारीण ओल्या फडक्यात चिंचेचा पाला घेऊन चघळत बसली होती.

"जोंधळे कुठे गेले?" राघूने विचारलं.

"आलेच कुठे?" ती म्हणाली. "यंदा सुपं थोडीच आली. लोक म्हणाले, शब्द आहे आमच्याकडे. हत्ती-घोड्यांच्या चित्रांचं चामडं देऊन मी थोडं धान्य आणलं, तेही सरलं. दाराआडची चित्रं कापायला आता चामडं नाही."

सकाळी गर्दी जमली. राघूने पंख उचलला नाही.

"करवंद म्हणणारे सगळे एका बाजूला या," तो म्हणाला. निम्मी गर्दी सरकली. आपण इतके आहोत हे बघून ती माणसं स्वतःच चकित झाली. "तुम्ही सगळे एका घरचे ना?"

"हो, हो," नावाडी म्हणाला.

"मग घरातल्या कुणाची चूल पेटली नाही, तर घराला कळत असेल. गेल्या थंडीत कुंभारीण तापाने पडली होती, तिची चूल गार होती. ते कुणाला कळलं?"

दिराने मान खाली घातली. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. कोण कुंभारीण, असं कुणीतरी हळूच विचारलंही.

"मला कळलं," मागून म्हातारी म्हणाली. "धूर दिसला नाही, म्हणून ओढा ओलांडून पेज घेऊन गेले होते."

"आजी, तुम्ही घरच्याच," राघू म्हणाला. "आता सगळ्यांना विचारतो. आत जी गोष्ट सांगते, तिची चूल कधीपासून गार आहे?"

कुंभारणीने टेकडीच्या माथ्याकडे बघितलं. रोज ती आईच्या छपरावरचा धूर बघायची, आणि ही टेकडी त्या छपराच्या बरोबर मागे होती. नजर थोडी वर गेली असती तर दिसलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी मात्र थांबली नाही. तिच्या कमरेला लेकीने दिलेली भाकरी बांधलेली होती. ती सोडत ती गुहेत शिरली आणि चितारणीपुढे बसली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेकडीवर सुपं येत राहिली. दीरही आला. चितारणीने त्याला त्याच्या चुलीचा शब्द दिला, आणि तो शब्द 'पळी' असल्यामुळे त्याला तो दाराशी फार हळू म्हणावा लागायचा. म्हातारीकडून चितारणीने सूप घेतलं नाही. "धुराची राखण करता तुम्ही एकमेकींच्या," ती म्हणाली, "तुमचं एकच घर." नावाडी काही आला नाही.

पण चामडं कमवायला, सुकवायला, कापायला वेळ लागतो. तोवर आभाळ भरून आलं, भोकातून ऊन येईना आणि गुहा बंद झाली. पावसाळ्यात एका सकाळी ओढ्यापलीकडे धूर दिसला नाही. कुंभारीण हातातलं टाकून पळाली. या वेळी तिला उशीर झाला होता.

पावसाळ्यानंतर पहिल्याच सकाळी राणीने दार ठोठावलं, आणि दार उघडलं. आत पाठीत वाकलेली एक म्हातारी बसली होती. उगमातला पालापाचोळा ती रोज काढायची, म्हणून नदी वाहायची. आता तिची चूल गार होती आणि हातात बळ नव्हतं. राणीने आधी चूल पेटवली. चितारणीने खाली खरोखरची गोवरी शिलगावली होती. तिचा धूर उन्हातून वर चढला, आणि मागून पाण्याची रेघ भिंतीवर उतरली.

कुंभारीण त्या धुराकडे बघत राहिली. दाराआड काय असेल गं, असं विचारणारं आता कुणी नव्हतं. तिला रडू आवरेना. बाहेर पडताना तिने पुढच्या सुगीचं सूप कधी आणायचं ते विचारलं. आणि त्या दिवसापासून चूल पेटवण्याआधी ती नजर जराशी वर करून टेकडीवरचा धूर बघू लागली.

तात्पर्य : ज्याच्या कष्टाचं सुख आपण आपल्या माणसांत वाटतो, त्याची चूल पेटते की नाही हेही आपणच बघायचं असतं.