सात रिकामी घरं

"मग मी काय करायला हवं होतं, बाबा? मठ जळू द्यायचा होता?"

हर्षल वायाळने हे तिसऱ्यांदा विचारलं.

केरूबाबा मठाच्या ओट्यावर बसून पळसाच्या पानांची पत्रावळ टाचत होते. त्यांनी पान वळवलं, काडी खोवली.

ओट्याखाली ठमाबाई हिलम बसली होती. वणव्याची बातमी लागली तशी ती वीटभट्टीवरून चालत आली. आपली जळालेली वाडी पाहिली, आणि इथे येऊन बसली. रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. हर्षलला ते रडण्याहून जड जात होतं.

तीन वर्षं ऑस्ट्रेलियात राहून तो वणव्यांचं शास्त्र शिकला होता. तिथली नोकरी सोडून आला होता, आपला डोंगर आपणच राखायचा म्हणून. आणि परवा डोंगर खरोखरच पेटला, तेव्हा न डगमगलेला तो एकटाच होता. वाऱ्याचा रोख पाहून त्याने मधला एक पट्टा आधीच जाळून टाकला. वणवा तिथवर आला, त्याला खायला काही उरलं नव्हतं, विझला.

मठ वाचला. गाव वाचलं.

त्या पट्ट्यात कातकऱ्यांची सात घरं होती. माणसं दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली. घरं रिकामी.

गावाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. पण त्याला हवा होता बाबांचा शब्द. लहानपणी याच ओट्यावर बसून त्याने बाबांपुढे पाढे म्हटले होते. बाबा एकदा 'बरोबर केलंस' म्हणाले असते, तर त्याला झोप लागली असती.

त्याने नकाशा उलगडला.

"हे बघा. मी मनाला येईल तसं केलेलं नाही. महिनाभर आधी सगळं मांडून ठेवलं होतं."

नकाशावर तीन रंग होते. प्रत्येक रंगाशेजारी एक इंग्रजी शब्द.

"हा पिवळा काय?" बाबांनी विचारलं.

"कम्बस्टिबल. पेटू शकेल ते. गवत, कारवी, पालापाचोळा."

"निळा?"

"कन्झ्युमेबल. वापरता वापरता संपणारं. टाकीतलं पाणी, डिझेल."

"आणि हा वाडीवरचा लाल?"

"एक्स्पेंडेबल."

"म्हणजे?"

"म्हणजे... गेलं तरी चालेल असं."

"कुणाला?"

"तसं नसतं ते, बाबा. शास्त्रातला शब्द आहे. त्यात कुणी नसतं."

"सोयीचा आहे." बाबांनी काडी दातांनी तोडली. "मराठीत हे ज्याचं त्याला तोंडावर सांगावं लागलं असतं."

ठमाबाईची मान खालीच होती.

"आत माणूस नव्हतं," हर्षल म्हणाला. "मी हाका मारल्या होत्या. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. चार दिवसांत पुन्हा उभं राहतं, असं हीच माणसं सांगतात."

"राहतं की. आणि बी?"

"कसलं बी?"

"चुलीच्या वर आढ्याला भोपळे टांगलेले असतात. वाळलेले. त्यात राखेत कालवून नाचणी ठेवतात, पेरणीची. हिच्याकडची हिच्या आजेसासूपासून चालत आलेली."

"मला... माहीत नव्हतं." हर्षलने ओठांवरून जीभ फिरवली. "मी बी आणून देईन. सुधारित. दुप्पट उतारा देतं."

"देत असेल."

बाबांनी नवं पान घेतलं.

"त्या दिवशी वाडीत कसा गेलास? चालत?"

"जीपने."

"काडी लावलीस तेव्हा जीप कुठं होती?"

"वाडीतच उभी होती. घरांना लागून. पण आधी हलवली मी. डांबरी रस्त्यावर नेऊन लावली."

"किती वेळ लागला?"

"कितीसा लागणार? दोन मिनिटं..."

बाबांचा हात थांबला.

"म्हणजे दोन मिनिटं होती."

खाली ठमाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"त्याला नका बोलू, बाबा. माझीच चूक हाय. जाताना दाराला कुलूप घातलं मी. चांगलं थोरलं, गंजल्यालं. त्यानं उघडाया बघितलं असंल, उघडलं नसंल." ती हर्षलकडे वळली. "होय का नाय रं, दादा?"

हर्षलने तिच्याकडे पाहिलं. भट्टीच्या धुराने लाल झालेले डोळे, त्यांत राग म्हणून नव्हता.

"हो," तो म्हणाला. मग आवाज थोडा सावरला. "ओढून पाहिलं मी. दोनदा. नाही उघडलं."

"मंग? सांगत व्हते ना." तिने पदर कमरेला खोचला. "माझंच कुलूप आडवं आलं."

कोपऱ्यात उभी केलेली मठाची चाळण तिने मागून घेतली. राखेत एखादा दाणा शाबूत असला तर बघते, म्हणाली, आणि उतार उतरू लागली.

ती वळणाआड गेली. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं हर्षलला वाटलं. त्याने नकाशाची घडी घातली. घडी नीट बसली.

"मोठ्या मनाची बाई आहे," तो म्हणाला.

"आहे."

बाबांनी पत्रावळ उजेडात धरून पाहिली, कुठे भोक राहिलंय का.

"त्या वाडीत कुणाच्याच दाराला कुलूप नाही, हर्षल. सुतळीची गाठ मारून जातात."