आग्यामोहोळाची लाट

झाडं बोलायची तेव्हाची गोष्ट. उंबरावर एका बुलबुलीचं घरटं होतं आणि वरच्या फांदीला आग्यामोहोळ. एके दिवशी दोन माश्या तिच्या पिल्लाला चावल्या.

"उंबरबाबा, फांदी गदागदा हलवा आणि सगळ्यांना हाकला! मेली जातच विषारी," बुलबुली रडत म्हणाली.

"उद्या बघू, बाई," उंबर म्हणाला.

सकाळी ससाणा पिल्लावर झेपावला. तोच हजारो माश्यांनी बसल्या जागीच एकीपाठोपाठ एक मागचं अंग उचललं आणि पोळ्यावरून काळीसोनेरी लाट सळसळत गेली. ससाणा बिचकून माघारी फिरला. बुलबुली बघतच राहिली. एवढ्या सगळ्या, आणि ती ओळखत होती फक्त दोघींना!

"मग, हलवू का फांदी?" उंबराने विचारलं.

"हळू बोला, बाबा," ती कुजबुजली. "त्या कामात आहेत."