पापडाच्या हिशोबातली अंगठी

आठवडी बाजाराच्या एका गावात शकूताई नावाची एक बाई पापडांचा उद्योग चालवत असे. तिच्याकडे आठ बायका पापड लाटायला येत. त्यांत गिरजाक्का सगळ्यांत जुनी. मजुरी रोजच्या रोज मिळेच. शिवाय दिवाळीला वर्षाच्या नफ्याचा चौथा हिस्सा आठजणींत वाटायचा, अशी रीत शकूताईनेच घातली होती.

यंदा त्या पैशांतून गिरजाक्काला चष्मा करायचा होता. पापडाची कड तिला आता बोटांनी चाचपूनच कळे. कड जाड राहिली की पापड बाजूला पडे, आणि बाजूला पडलेल्या पापडाची मजुरी नसे.

हिशोबासाठी शकूताईने कॉम्प्युटर घेतला होता. त्यात तिने दोन फाइली केल्या होत्या. एक 'घर' आणि दुसरी 'पापड'. एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडत नसे. सुरुवातीला तिने हे नीट पाळले. पण हात सदा तेलापिठाचे. मग 'पापड' उघडीच राहू लागली, आणि घरची मोठी खरेदीसुद्धा ती त्यातच लिहू लागली. "सवडीने काढून 'घर'मध्ये टाकीन," असे ती म्हणे. ती सवड काही झाली नाही, आणि पुढे तर ती हे विसरूनच गेली.

दिवाळीच्या आठ दिवस आधी तिने शेवटचा आकडा पाहिला. सात हजार शंभर रुपये तोटा!

पापड तर गेल्या वर्षीपेक्षा जास्त खपले होते. मग पैसा गेला कुठे? आपले काही चुकले असेल, असे तिच्या मनातही आले नाही. तिची नजर गेली ती खुंटीवरच्या आठ पिशव्यांवर.

"पीठ तुमच्या घरी जातंय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. आजपासून जाताना पिशव्या उघडून दाखवायच्या. आणि आत्ता मीच बघते."

पहिली पिशवी गिरजाक्काची निघाली. तिच्यात अर्धी भाकरी होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेली नंबराची चिठ्ठी. शकूताईने चिठ्ठीसुद्धा उलटी करून पाहिली.

"मागच्या बाजूलाही पीठ नाही हो, ताई," तारा नावाची लाटणारी म्हणाली. कोणी हसले नाही.

गिरजाक्काची कानशिले तापली. चौदा वर्षे ती या घरात लाटत होती. पदराला लागलेले पीठसुद्धा ती जाताना परातीत झटकून जाई. आणि आज दारात हिंग द्यायला आलेला बाजारातला हिंगवाला उभा असताना तिची भाकरी सगळ्यांसमोर पालथी झाली होती!

ती ओरडली नाही. तिने लाटणे खाली ठेवले.

"ताई, तो तोटा वाचून दाखवा. एकेक ओळ. मला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत."

"वाचते की! मला कुणाची भीती आहे?" शकूताई फणकारली आणि वाचू लागली. "उडदाची डाळ. मिरी. हिंग. पापडखार. फ्रिज, अठ्ठावीस हजार पाचशे." ती थांबली.

"वाचा, वाचा."

"गच्चीची फरशी, सतरा हजार चारशे." तिचा आवाज उतरला. "जावयाची अंगठी, बावीस हजार."

"मिरी मी लाटली, हिंग लाटला," गिरजाक्का म्हणाली. "अंगठी लाटल्याचं काही आठवत नाही मला. तारे, तुझ्या पिठात आली होती का गं?"

आता मात्र सगळ्या हसल्या. शकूताईला वर बघवेना.

दुपारभर बसून तिने घरच्या तिन्ही ओळी 'पापड'मधून काढल्या आणि 'घर'मध्ये लिहिल्या. तोटा नाहीसा झाला. नफा निघाला साठ हजार आठशे. प्रत्येकीच्या वाट्याला एकोणीसशे रुपये आले. पहिले पाकीट तिने गिरजाक्कापुढे धरले.

"घ्या अक्का. झालं गेलं सोडून द्या. फाइली वेगळ्या केल्यात मी."

गिरजाक्काने हात पुढे केला नाही. "पैसे तुम्ही ह्या फाइलीतून त्या फाइलीत नेले. आम्हाला चोर म्हणालात, ते कुठल्या फाइलीत नेणार? ते हिंगवाल्याबरोबर बाजारात गेलंय."

शकूताई चप्पल घालून बाहेर पडली आणि हिंगवाल्याला बाजारातून परत घेऊन आली. त्याच दारात, आठहीजणींसमोर, ती म्हणाली, "पीठ कुणी नेलं नव्हतं. पापडाचा पैसा माझ्याच घरात गेला होता. मी न बघता ह्यांना चोर म्हणाले. माझं चुकलं."

तेव्हा कुठे गिरजाक्काने पाकीट घेतले. ते पिशवीत टाकून तिने पदराचे पीठ नेहमीप्रमाणे परातीत झटकले. दाराशी आल्यावर तिने पिशवीचे तोंड उघडून शकूताईपुढे धरले.

"बघून घ्या, ताई."

शकूताईची मान वर झाली नाही.

तात्पर्य: घरचा खर्च धंद्याच्या फाइलीत लिहिणे ही चूक आहे, पण स्वतःची फाइल न वाचता दुसऱ्याची पिशवी उघडणे हा अन्याय आहे.